थापटणं

गोरोबाकाका म्हातारे नव्हते. हे कळलं तेव्हा मला थोडं फसवल्यासारखं वाटलं होतं. लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढचे हे संत गोरा कुंभार म्हणजे पांढऱ्या मिशांचे, कपाळावर आठ्यांच्या वर बुक्का लावलेले आजोबा. आमच्या धाराशिव-लातूरकडं 'काका' म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांपुढं येणार? पण परंपरा त्यांचा जन्म १२६७ सालचा मानते, नामदेवांचा १२७०, ज्ञानदेवांचा १२७५ आणि मुक्ताबाईचा १२७९. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ मध्ये. म्हणजे तेरला गोरोबांच्या घरी ती प्रसिद्ध बैठक भरली ती त्याआधी. काकांचं वय जास्तीत जास्त एकोणतीस, नामदेव पंचविशीच्या आसपास आणि मुक्ताबाई सोळा-सतरा वर्षांची पोर. आजच्या काळात यातले निम्मे जण पुण्यात एमपीएससीची तयारी करत अभ्यासिकेत बसलेले दिसले असते.

वयं लक्षात घेतली की ती गोष्टच वेगळी ऐकू येते. कीर्तनात ती आपण ऐकतो ती पोक्त, शांत, सगळं झाल्यावर सांगितलेली. मुळात ती तरुण पोरांच्या घोळक्यात घडलेली आहे. तिथं चेष्टा असणार, टोचून बोलणं असणार, 'तू स्वतःला कोण समजतोस' असणार.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. संतमंडळी तेरला जमली. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं, कुंभाराचं ठोकायचं लाकूड, पाहिलं आणि विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, याच्यानं मडकी कच्ची की पक्की ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आम्हीही मडकीच की, आमच्यातलं कच्चं कोण तेही बघा. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तसे ते चिडले, पाहुण्याला ही कुठली वागणूक म्हणाले. काकांनी निकाल दिला: एवढं एक मडकं कच्चं. सगळे हसले. नामदेव रडत पंढरपूरला गेले आणि विठोबाला गाऱ्हाणं सांगितलं, तर विठोबाही म्हणाला, काका म्हणतात ते खरं आहे, तुला गुरू नाही. औंढ्याला जा, विसोबा खेचराला शरण जा.

कीर्तनकार बुवा इथं हमखास हशा घेतात. नामदेवांच्या तोंडचा राग, मग रडका आवाज, मग विठोबाचं समजावणं. मंडपात पोटभर हसतात लोक. मला मात्र नेहमी वाटत आलंय की या गोष्टीत नामदेवांवर अन्याय होतो. बोलावून घेतलेल्या पाहुण्याला भर बैठकीत डोक्यात लाकूड हाणलं तर तो चिडणारच. ज्यांना काहीच वाटलं नाही ते थोर, हे मान्य. पण ज्याला लागलं आणि ज्यानं लागलं म्हणून सांगितलं, तो निदान खोटं तर बोलला नाही.

असो. तेरचं थोडं सांगायला हवं, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या गावात घडली असती तर तिला एवढी माती चिकटली नसती. तेरणेच्या काठावरचं हे गाव आता धाराशिव जिल्ह्यातलं एक साधं मोठं खेडं आहे, पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'तगर' म्हणून येतं, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी पेठ म्हणून. गोरोबांच्या आधी बारा शतकं. इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, ढिगाऱ्यांत पावसाळ्यानंतर खापरं वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या व्यापाऱ्यानं आयुष्यभर अशा वस्तू गोळा केल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय गावात आहे. तिथं मातीच्या बाहुल्या, खापरं, भांडी बघत फिरताना एक गोष्ट ठसते: या गावाच्या हाताला माती नवी नव्हती. गोरोबांनी मडकं ओळखणं हे काही त्यांच्या एकट्याचं कसब नव्हतं, गावाचंच होतं.

आणि तसं पाहिलं तर आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ते थोडंफार येतंच. उन्हाळा लागायच्या तोंडाला आठवडी बाजारात कुंभारीण पोत्यावर माठ मांडून बसायची आणि आई एकेक माठ डाव्या हातावर तोलून धरायची, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून पेरानं वाजवायची. कान जवळ न्यायची. भाजलेला चांगला माठ खण्ण वाजतो, आवाज आत फिरून बाहेर येतो. कच्चा राहिलेला किंवा केसभर चिरलेला असला तर बद्द वाजतो, बोटाशीच आवाज मरतो. मग आई तो खाली ठेवून दुसरा उचलायची. पुढं भावाची घासाघीस. "वाजवून घे की लेकी, वाजवायचे पैसे न्हाईत," असं ती मावशी म्हणायची आणि आई तिच्यासमोर निर्लज्जपणे सगळी रांग वाजवून काढायची.

या वाजवण्यावरूनच मी पुढं कधीतरी आमच्याकडच्या एका कुंभारमामांना विचारलं की थापटण्यानं वाजवून बघता का तुम्ही? ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "भाजल्याल्या मडक्यावर कुणी थापटणं मारतंय व्हय? फुटंल की ते!"

मी गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा जास्त माहीत होती, त्यांच्या जातीचे संत ते. तरी ते आपल्या म्हणण्यावर ठाम. थापटणं हे ओल्या मातीचं हत्यार. चाकावरून माठ उतरतो तो काही बाजारातल्या माठासारखा नसतो. जाड, बुटका, बुडाशी धड मिटलेलाही नसतो. जरा वारा लागून तो घट्ट व्हायला लागला की मांडीत घ्यायचा, एका हातानं आतून मुठीएवढा गुळगुळीत दगड टेकवायचा आणि दुसऱ्या हातानं बाहेरून, बरोबर त्या दगडासमोर, थापटण्यानं हळू हळू ठोकत जायचं. ठोकता ठोकता माती पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटतं. मग सावलीत वाळवण, मग आवा, म्हणजे भट्टी. वाजवून बघणं त्याच्या कितीतरी नंतर, आणि ते बोटानं.

"आतला हात हलला की काय होतं?" मी विचारलं.

"मग बसलंच ते. एका ठोक्यात पोचा."

मामा लगेच दुसऱ्या विषयावर गेले, आवा रचायला हल्ली जळण कसं मिळत नाही, फ्रिजमुळं गिऱ्हाईक कसं तुटलं. मी मात्र तिथंच अडकलो. कीर्तनातली गोष्ट आणि धंद्यातला व्यवहार जुळत नाहीत हे उघड होतं. पण न जुळण्यातच गोष्ट जास्त खरी वाटायला लागली. गोरोबांच्या हातात जे होतं ते तपासायचं साधन नव्हतंच, ते घडवायचं होतं. त्या बैठकीत परीक्षा झाली असं आपण समजतो. कदाचित काम चाललं होतं. आणि ज्यांच्या आत कुणाचा तरी हात होता, त्यांनी ठोका सोसला. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे गुरू, सोपान-मुक्ताईचेही; या भावंडांना एकमेकांचा आतून आधार होता. नामदेवांना आतून हात नव्हता. त्यांचा विठोबा समोर होता, बोलत होता, जेवत होता, पण समोर होता. बाहेरून ठोका आला आणि पोचा पडला.

मुक्ताबाईच्या नावावरचा एक अभंग याच प्रसंगाशी जोडला जातो. त्यात ती नामदेवांना सरळ विचारते:

अखंड जयाला देवाचा शेजार । कां रे अहंकार नाहीं गेला ॥
मान अपमान वाढविसी हेवा । दिवस असतां दिवा हातीं घेसी ॥

सतरा वर्षांच्या मुलीनं हे म्हणावं! यातला 'शेजार' मला फार बोचतो. देवापासून लांब असणाऱ्याला अहंकार असला तर समजू शकतं, पण देवाच्या शेजारी राहणाऱ्याला तो जास्त सहज होतो. कुठल्याही मोठ्या देवस्थानाच्या गावी जाऊन बघावं. ज्यांचं घर देवळाच्या भिंतीला भिंत लावून आहे, ज्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, ज्यांची गाभाऱ्यात ओळख आहे, त्यांच्या बोलण्यात देव असा येतो जसा काही तो त्यांच्या नात्यातला, आणि आपण लांबच्या गावचे. हल्ली तर सप्ताहाच्या फ्लेक्सवर देवापेक्षा यजमानांचे फोटो मोठे असतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नामदेवांचं काही एवढं नव्हतं. परंपरा म्हणते, ज्ञानदेव आणि भावंडांनी त्यांना नमस्कार केला तेव्हा ते ताठ बसून राहिले, एवढंच. पण मुक्ताबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

गोरोबांच्या स्वतःच्या गोष्टीबद्दलही एक बोलायला हवं. माती तुडवताना भजनात दंग होऊन स्वतःचं तान्हं लेकरू पायाखाली गेलं, ही ती गोष्ट. बुवा ती सांगायला लागले की आई मंडपातून उठून घरी चहा टाकायला जायची. शेवटी विठोबा लेकरू परत देतो हे तिला ठाऊक होतं, तरी. मलाही ती गोष्ट कधी पचली नाही आणि पचवायचा प्रयत्नही मी सोडून दिलाय. मात्र एवढं खरं की इतरांना कच्चं-पक्कं ठरवणारा हा माणूस असं काहीतरी भोगून त्या बैठकीत बसला होता. त्याच्या हातातल्या थापटण्याला तो अधिकार नुसत्या जातीच्या धंद्यामुळं आलेला नव्हता.

मग नामदेव औंढ्याला गेले. औंढा नागनाथ आता हिंगोली जिल्ह्यात. नामदेवांचं म्हणून मानलं जाणारं नरसी त्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. म्हणजे पंढरपूरहून निघालेला हा माणूस गुरू शोधायला एका अर्थानं आपल्याच मुलखात परत आला. औंढ्याचं देऊळ यादवकाळातलं, बाहेरून शिल्पांनी गच्च भरलेलं, आणि गाभारा मात्र जमिनीच्या पोटात. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून खाली उतरावं लागतं. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मला उचलवत नाहीत, जिथं पिंड नसेल तिथं तू नेऊन ठेव. नामदेव ठेवतील तिथं खाली पिंड. (हीच गोष्ट पंजाबात गुरू नानकांच्या नावानं सांगतात, तिथं मक्केत. गोष्टीही वारीला निघतात.)

इथं कीर्तन संपतं. नामदेव पक्के झाले, बोला पुंडलिक वरदे. पण औंढ्यालाच नामदेवांची आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या लेखी तीच या सगळ्याची खरी बाजू उघड करते. नामदेव देवळात भजन करत होते, तिथल्या लोकांनी त्यांना जातीवरून उठवलं, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. औंढ्याला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे तो त्यामुळंच, असं गावातलं कुणीही सांगेल.

गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. १६०४ मध्ये आदिग्रंथाचं संकलन झालं तेव्हापासून ती तिथं जपली गेली आहेत. त्यातल्या एका पदात ही हकिकत नामदेव स्वतःच्या तोंडानं सांगतात. औंढ्याचं नाव त्यात नाही, पण बाकी सगळं आहे. हसत खेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत असताना नाम्याला धरून उठवलं. माझी जात हीन, यादवराया, छिप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या) पोटी का जन्मलो? मग ते आपली कांबळी उचलतात आणि देवळाच्या मागं जाऊन बसतात. आणि शेवटी:

जिउ जिउ नामा हरि गुण उचरै । भगत जनां कउ देहुरा फिरै ॥

चमत्कार मी बाजूला ठेवतो. मला ती कांबळी दिसते. धरून उठवल्यावर माणूस आपली कांबळी गोळा करतो, झटकतो, काखेत मारतो आणि देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीशी जातो. पाठीमागं लोक बघतायत, काही हसतायत. तेरला थापटणं बसलं होतं ते आपल्या माणसाच्या हातचं, कारणानं, आणि तरी नामदेव पेटून उठले होते. इथं परक्यांनी विनाकारण, नीच कारणानं हाकललं. यावेळी ते कुणाशी भांडत नाहीत, पंढरपूरला धाव घेत नाहीत. मात्र त्यांना लागलेलं नाही असं मुळीच नाही! पदात ते स्वच्छ विचारतात, या जातीत का जन्मलो. 'पक्कं' झालेल्या माणसाला अपमान कळत नाही, तो दगडासारखा होतो, असं जे आपण समजून बसलोय ते या पदात टिकत नाही. पक्क्या मडक्यावर बोट मारलं तर ते कच्च्यापेक्षा जास्तच वाजतं, हे आईला बाजारात ठाऊक होतं. नामदेवांना दुखलं, त्यांनी ते गाण्यातच घातलं आणि गाणं थांबवलं नाही.

एवढं झाल्यावर ते कुठं कुठं गेले बघा. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव आणखी चोपन्न वर्षं जगले, १३५० पर्यंत. त्यातली बरीच वर्षं उत्तरेत गेली. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना त्या गावाचं नाव पहिल्यांदा कळलं. विठोबाचा शेजार सुटला तर जगायचं कसं म्हणणारा माणूस विठोबापासून शेकडो कोसांवर जाऊन राहिला. आणि १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधायला, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येतं ती चोखोबांची म्हणून ओळखायला, परंपरा नामदेवांनाच पाठवते. हाडाला कान लावून ऐकणारा हा तोच, ज्याला तेरला लोकांनी वाजवून बद्द ठरवलं होतं.

पायरीची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. संतांचे पाय लागावेत म्हणून पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरी होऊन राहिले. आता तिथं कुणी पाय ठेवत नाही. हार घालतात, डोकं टेकवतात, ओलांडून जातात. पाय मागितले होते, आपण मान दिला. मुक्ताबाई असती तर यावर काहीतरी बोलली असती.

मुक्ताबाईवरून मला या गोष्टीतला एक धागा छळत राहतो. विसोबा कोण? औंढ्याला पिंडीवर पाय टाकून झोपायच्या आधी ते या भावंडांचे हाडवैरी होते. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, त्यासाठी खापर हवं होतं, ती कुंभारवाड्यात गेली. विसोबांनी सगळ्या कुंभारांना आधीच ताकीद देऊन ठेवली होती की संन्याशाच्या पोरांना मडकं द्यायचं नाही. ती रिकाम्या हातानं परतली, मग ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिनं त्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबा शरण आले, पानातलं उष्टंही खाल्लं म्हणतात. म्हणजे कुंभाराच्या घरून एक खापर मिळू नये म्हणून जिचा अपमान झाला, तीच मुलगी पुढं कुंभाराच्या घरात बसून थापटणं उचलायला लावते, आणि जे मडकं कच्चं निघतं त्याची रवानगी होते ती त्याच विसोबांकडं, ज्यांनी तिला मडकं मिळू दिलं नव्हतं. त्यांनाही कधीतरी कुणीतरी ठोकलेलं होतं, म्हणून त्यांच्याकडं.

हे मी एकदा कीर्तन आटोपल्यावर पंगतीत शेजारी बसलेल्या बुवांना बोलून दाखवलं. ते वरणात भाकरी चुरत होते. थांबले, म्हणाले, "मालक, दोन्ही आख्यानं मी वीस वर्षं करायलोय, पर वेगवेगळ्या दिवशी. एका दिवशी कधी केलीच न्हाईत." मग जरा विचार करून म्हणाले, काल्याच्या आधी बसवून बघतो, वेळ मात्र पुरायला पाहिजे. आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी आणखी वरण मागून घेतलं.